सासऱ्यांची साखर भिंतीवर

…नाही, पण मी म्हणते, रेघ वाचायला एवढं काय लागतं हो? रेघ! अक्षर ओळखायचं नाही, गणित सोडवायचं नाही, कुणाची सही घ्यायची नाही. डावीकडून निघते, उजवीकडे पोचते, वाटेत जराशी वर जाते, जराशी खाली येते. साधी रेघ हो, साधी रेघ! आणि या साध्या रेघेपायी आमच्या घरात बापलेकांनी अबोला धरला, मी ऑफिसात भर मीटिंगमध्ये खुर्चीवर चढून भिंतीला नाक लावलं, आणि माझे सासरे समोरच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाले, "क्लच सोड! हळू सोड, गाढवा!"… थांबा, हसू नका. म्हणजे आता हसा, आता हरकत नाही. तेव्हा जिवावर बेतलं होतं, तुम्हाला सांगते!

तर मी काम करते एका कंपनीत. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी आमचं ॲप आहे. दंडावर एक बिल्ल्यासारखं सेन्सर चिकटवायचं, ते रक्तातल्या साखरेचा अंदाज घेत राहतं आणि मोबाइलवर रेघ काढत राहतं. माझं काम म्हणजे स्क्रीन आखणं. कुठलं बटण कुठे, कुठला रंग, अक्षर केवढं. पण ग्राफ? छे! ग्राफला हात लावायचा नाही! तो मी येण्याच्या आधीपासून होता आणि तो आमच्या साहेबांचा लाडका लेक होता. साहेबांना आम्ही पाठीमागे चकाचक म्हणतो, कारण त्यांना सगळं चकाचक लागतं. "रंग कसा पाहिजे? चकाचक! मीटिंग कशी झाली? चकाचक!" त्यांच्या बायकोला मुलगी झाली तेव्हासुद्धा म्हणाले, "दोघी चकाचक आहेत." बरं, माणूस वाईट नाही हं, पण त्या ग्राफचं काय करून ठेवलं होतं! रेघेखाली निळ्यातून जांभळ्यात जाणारा रंग. स्क्रीन उघडली की रेघ एकदम दिसायची नाही, नाटकाचा पडदा सरकावा तशी डावीकडून हळूऽहळू उमलायची. आणि आकडा… आकडा कोपऱ्यात, पांढऱ्यावर फिक्कट राखाडी, मुंगीएवढा! का? तर "आकड्यांनी गर्दी वाटते." अहो, पेशंट आकडा बघायला आलाय ना? तो काय तुमची लाट बघायला आलाय?

आणि वर साहेबांची ती जादू! "आपला ग्राफ स्वतःला स्क्रीनच्या मापाचा करून घेतो." ऐकायला किती छान! म्हणजे काय, तर समजा तुमची साखर दिवसभर शंभर ते सव्वाशेच्या मध्ये गुपचूप फेऱ्या मारतेय, म्हणजे शहाण्या माणसासारखी वागतेय, तर ग्राफ म्हणणार, "एवढीशीच रेघ? थांबा, ताणतो!" आणि त्या एवढ्याशा रेघेचा डोंगर करून दाखवणार. आणि एखाद दिवशी साखर खरंच साडेतीनशेला जाऊन आली, तर ते शिखर मावायला पाहिजे ना, म्हणून बाकीचं सगळं असं चेपणार, असं चेपणार… इस्त्री फिरवल्यासारखं सपाट! म्हणजे काही झालं नसेल तर डोंगर आणि खरंच काही झालं असेल तर मैदान. उलटंच सगळं!

आता या गोष्टीत येतात आमचे बाबा. म्हणजे माझे सासरे. बाबांनी उभं आयुष्य लोकांना गाडी चालवायला शिकवली. आमच्या भागात रस्त्यावर कुणी नीट वळण घेतलं की बाबा मान हलवतात, "माझा विद्यार्थी." कुणी वाईट घेतलं की म्हणतात, "दुसऱ्या क्लासचा." आता क्लास बंद केला, पण शिकवणाऱ्याच्या डाव्या सीटवरचा तो जादा ब्रेक काही सुटला नाही. सासूबाईंनी जेवायला वाढताना जरा जास्त वाढलं की टेबलाखाली यांचा पाय दाबला जातो… खाऽऽड! आणि तो दरवेळी माझ्याच पायावर.

बाबांना मधुमेह आहे, इन्सुलिन घेतात, म्हणून हौसेनं मीच आमचं ॲप त्यांच्या फोनवर घालून दिलं. आणि बाबांनी ग्राफ वाचायला घेतला… रस्ता म्हणून! रेघ वर गेली की "चढ लागला!" खाली आली की "उतार, उतार, आता निवांत!" मी सांगतेय, "बाबा, उतारसुद्धा वाईट असतो, फार खाली गेली की चक्कर येते, माणूस बेशुद्ध पडू शकतो." तर म्हणतात, "सूनबाई, उतारावर कधी गाडी दमते का?" झालं! बोला आता!

एक दिवस सकाळी नाश्त्याला बसलोय. माझ्या नवऱ्याच्या फोनवरही बाबांची साखर दिसते, घरच्यांना बघता यावी म्हणून तशी सोय आहे. बाबा ओरडले, "घाट लागला! केवढा चढ आहे बघ!" नवरा आपला फोन बघून म्हणतो, "कुठे चढ? सपाट तर आहे." "तुला दिसत नाही!" "तुम्हाला जास्त दिसतं!" "मी गाडी शिकवली आहे, मला चढ कळतो!" "आणि मला काय, डोळे नाहीत?" चढ, सपाट, चढ, सपाट… शेवटी दोघंही ताट उचलून वेगवेगळ्या खोल्यांत गेले. सासूबाईंनी दोन्ही फोन हातात घेतले. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. म्हणाल्या, "अगं, साखर एकाच माणसाची ना?"

"हो, आई."

"मग माणसं दोन का दिसतायत?"

मी बघते तर काय! बाबांच्या फोनवर शेवटचे तीन तास उघडलेले, तिथे ताणून ताणून डोंगर. नवऱ्याच्या फोनवर अख्खा आठवडा, आणि त्यात मागच्या रविवारी पुतण्याच्या साखरपुड्यात बाबांनी जे काही केलं होतं त्याचं एक भलंमोठं शिखर, म्हणून बाकी सगळं मैदान. आणि आकडा? दोन्हीकडे एकच! एकशे अठ्ठावीस! उत्तम! भांडायला काही कारणच नव्हतं हो! साधी रेघ, आणि दोन खोल्यांत दोन माणसं फुगून बसलेली!

मी तशीच ऑफिसला गेले आणि साहेबांच्या समोर उभी राहिले. "सर, उभी पट्टी एकच ठेवू या. कायमची. रोज तीच, सगळ्यांना तीच. मग चढ तो चढ दिसेल आणि सपाट ते सपाट." साहेबांनी डोळे बारीक केले. "म्हणजे एखाद्याची साखर नीट असली तर रेघ मधेच एवढीशी दिसणार? आणि वर-खाली सगळं रिकामं?" "हो सर, नीट असली की तशीच दिसायला हवी." "छे छे! लोक म्हणतील काम अर्धवट सोडलंय. चकाचक वाटत नाही." मग मी म्हटलं, निदान एक करा, परवा मोठ्या हॉस्पिटलचे डॉक्टर आपलं ॲप बघायला येणार आहेत, तेव्हा खरोखर सेन्सर लावलेलं माणूस समोर बसवा, त्याला हे कसं दिसतं ते विचारा. साहेब एकदम उभे राहिले. "खरा पेशंट! खरी साखर! भिंतीवर! वा, चकाचक!" आणि मी बाबांचं नाव सांगून बसले. काय बुद्धी झाली मला!

बाबा तर असे खूश! कडक इस्त्रीचा शर्ट, सेन्सर दिसावं म्हणून एकच बाही वर दुमडलेली. सासूबाई म्हणाल्या, "मी येणार. यांना एकटं सोडलं की हे काहीतरी करतात." आता बाबांनी काय केलं होतं ते आम्हाला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, नाहीतर माझ्याच पोटात राहायचं नाही. सकाळी नाश्ता झाल्यावर यांनी फोन बघितला. ग्राफनं नेहमीप्रमाणे ताणून डोंगर दाखवला. बाबांना वाटलं, अरे बापरे, आज तर भिंतीवर दाखवणार सगळ्यांना! परीक्षेला मळकी गाडी न्यायची? म्हणून त्यांनी कुणाला न विचारता, न सांगता, इन्सुलिनचा थोडा जास्तीचा डोस घेऊन टाकला. डोंगर सपाट करायला! समजतंय ना तुम्हाला? ती साधी रेघ बघून!

मीटिंगची खोली गार, खुर्च्या मऊ, पलीकडे डॉक्टरमंडळी, त्यांच्यात एक ज्येष्ठ डॉक्टरीणबाई, चष्मा नाकाच्या टोकावर, एक शब्द बोलत नाहीत. बाबांचा फोन प्रोजेक्टरला जोडला. साहेबांनी फोनचे सगळे आवाज बंद केले, साखर कमी झाल्याचा अलार्मसुद्धा, का, तर "डेमोमध्ये टुंग टुंग नको." आणि ग्राफ कुठला लावला? आठवड्याचा! कारण त्यात लाटा जास्त! दिवे मंद झाले, रेघ उमलायला लागली, निळी, जांभळी, मधोमध ते साखरपुड्याचं शिखर, आणि साहेब जे सुरू झाले! जेवणाची वेळ टळून गेली तरी माणूस थांबेना. "बघा, डेटा म्हणजे आकडे नव्हेत, डेटा म्हणजे भावना आहे! आणि हे आजचं टोक बघा… कशी अलगद उतरतेय! लाट किनाऱ्याला टेकावी तशी!"

तेवढ्यात बाबा समोरच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाले, "आरसा बघ. आधी आरसा बघ."

सगळे हसले. साहेब म्हणाले, "आमचे पेशंट फार गमतीदार आहेत!" बाबा म्हणाले, "इंडिकेटर कोण देणार, तुझा काका? क्लच सोड! हळू सोड, गाढवा!" पुन्हा हशा. मलाही वाटलं, बाबा रंगात आलेत. तुम्हाला सांगते, त्या खोलीत एवढे शिकलेसवरलेले लोक होतो, सगळे भिंतीकडे बघत होतो. त्यांची साखर भिंतीवर होती ना! त्यांच्याकडे बघत होतं एकच माणूस. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. "अगं, यांची कॉलर बघ. एवढ्या गारठ्यात भिजलीय."

मी बघितलं. कपाळावर घाम, ओठ पांढरे, उजवा पाय जमिनीवर ब्रेक शोधतोय, शोधतोय आणि त्याला सापडत नाहीये.

डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या. "आत्ताचा आकडा किती?"

आकडा! सगळे भिंतीवर आकडा शोधायला लागले! पांढऱ्या भिंतीवर फिक्कट राखाडी आकडा! साहेब म्हणाले, "एक मिनिट, एक मिनिट, दाखवतो," आणि घाबरून त्यांनी कुठलं तरी बटण दाबलं… आणि रेघ पुन्हा पहिल्यापासून उमलायला लागली! शुक्रवार! डॉक्टरीणबाई ओरडतायत, "आकडा सांगा!" आणि भिंतीवर निवांत शनिवार उमलतोय! रविवार! अहो, माणूस समोर कोसळायला आलाय आणि आम्ही सगळे सोमवारची वाट बघतोय! मी चपला काढल्या की नाही आठवत नाही, खुर्चीवर चढले, भिंतीला नाक लावलं आणि किंचाळले, "बावन्न! बावन्न आहे!"

"साखर द्या! ताबडतोब! गिळता येतंय तोवर!"

साखर! धावले सगळे! कुणी फ्रिज उघडला, शीतपेयं काढली… बिनसाखरेची. बिस्किटं… बिनसाखरेची. चहाच्या कोपऱ्यात बरणी उघडली, आत त्या गोड लागणाऱ्या गोळ्या, साखरेचा कण नाही! मधुमेहाच्या कंपनीत साखर शोधतोय आम्ही! गेल्याच महिन्यात साहेबांनी फतवा काढला होता, ऑफिसात साखर चालणार नाही! रिसेप्शनवरची मुलगी रडायला लागली, "मी खालच्या दुकानात जाऊन येते," आणि लिफ्टचं बटण दाबत उभी…

आणि सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "यांच्या खिशात बघा."

"आई, खिशात रुमाल आहे फक्त."

"तो नाही. आतून शिवलाय तो. चोरखिसा. मला माहीत नाही असं यांना वाटतं."

मी शर्टाच्या आत हात घातला… आणि बाहेर आल्या साखरेच्या पुड्या! हॉटेलात चहाबरोबर देतात ना, त्या! एक नाही, मूठभर! कुठल्या कुठल्या हॉटेलांच्या! साहेबांची ती पाण्याची चकचकीत बाटली मी त्यांच्या हातातून ओढली, अर्धं पाणी त्यांच्या कोटावर, उरलेल्यात पुड्या फाडल्या, ढवळलं आणि डॉक्टरीणबाईंनी बाबांना घोटघोट पाजलं. आणि मग आम्ही थांबलो. काय सांगू तुम्हाला ते थांबणं! सासूबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवतायत, "अहो, इकडे बघा. माझ्याकडे बघा. कोण मी?" आणि बाबा काही बोलेनात. सासूबाईंनी पुन्हा विचारलं, "कोण मी?"

बऱ्याच वेळानं बाबांनी मान वर केली. "तुला गाडी कधी आलीच नाही," म्हणाले.

सासूबाई रडता रडता हसल्या. बाबांनी इकडेतिकडे बघितलं, एवढे डॉक्टर भोवती उभे, आणि हळूच मला विचारलं, "सूनबाई, काय झालं? पास झालो का?"

मग सकाळचा तो डोस बाहेर आला. डॉक्टरीणबाईंनी बाबांना असं झापलं, असं झापलं की बाबांचे हात आपोआप गुडघ्यांवर गेले. "स्वतःच्या मनानं इन्सुलिन वाढवायचं? कुणी सांगितलं?" बाबा म्हणाले, "चढ होता ना मोठा." बाईंनी फोन घेतला, सकाळचे तास उघडले. "हा चढ? अहो, हे दीडशे आहे! नाश्त्यानंतर दीडशे म्हणजे छान आहे!" बाबा म्हणाले, "मग डोंगर कशाला काढलाय?"

आणि खोलीतल्या सगळ्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेब ओल्या कोटात उभे. खाली मान घालून मला म्हणाले, "बदलून टाका."

मग काय विचारता! मी अशी लागले कामाला, अशी लागले! उभी पट्टी एकच, कायमची! मधे रुंद हिरवा पट्टा आणि त्यावर शब्दात लिहिलं, "ठीक". वर "जास्त", खाली "कमी". आणि त्या "कमी"वर नुसता रंग नाही, तिरप्या रेघा, म्हणजे ज्याला रंग ओळखू येत नाहीत त्यालाही कळेल! आकडा काळा ठळक, हाताच्या अंगठ्याएवढा! रेघ उमलणार नाही, उघडली की हजर! सेन्सरचा संपर्क तुटला तर आधी हे ॲप अंदाजानं छान गुळगुळीत जोडून टाकायचं, आता नाही, माहिती नाही तिथे रेघ नाही, मोकळी जागा! आणि साखर झपाट्यानं खाली यायला लागली की सरळ शब्दात, "वेगानं उतरतेय. खाली गेली तर लगेच गोड घ्या." आणि तो अलार्म कुणाला बंद करता येणार नाही… साहेबांनासुद्धा!

परीक्षक कोण? सासूबाई! स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या, चष्मा काढलेला, आणि मी दारातून फोन दाखवायचा. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "ते हिरवं काय, लॉन आहे का?" पट्टा फिका केला. मग म्हणाल्या, "शब्द बारीक आहेत." मोठे केले. मग साहेबच घरी आले बघायला, माझ्यावर विश्वास नाही ना! फोन बघून कुजबुजले, "किती रिकामं वाटतंय हो…" तेवढ्यात ओट्यापाशी उभ्या सासूबाई कणीक मळता मळता म्हणाल्या, "एकशे बेचाळीस, ठीक आहे, पण हळूहळू वर चाललीय." लांबून! चष्म्याशिवाय! साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं, आणि म्हणाले… काय म्हणाले असतील? "चकाचक!"

ॲप लोकांपर्यंत गेलं आणि काय निरोप यायला लागले! एका बाईंनी लिहिलं, "मला आणि माझ्या मुलाला पहिल्यांदा एकच गोष्ट दिसली." मी तो निरोप नवऱ्याला वाचून दाखवला, एकदा नाही, तीनदा! साधी रेघ हो! पण कळली की माणूस सुटतो ना भीतीतून!

आमच्या घरीही कळली. सगळ्यांना कळली. आणि तिथूनच पंचाईत सुरू झाली.

दुसऱ्याच आठवड्यात सासूबाई फोन घेऊन बाबांसमोर. "संध्याकाळी हे टेकाड कसलं?"

"चालायला गेलो होतो."

"चालल्यावर साखर उतरते म्हणाल्या डॉक्टरीणबाई. तुमची चढली?"

बाबा म्हणाले, "रस्ता चढाचा होता."

अहो, काय बोलायचं या माणसाला! तेवढ्यात परगावाहून नणंदेचा फोन, "बाबा, बेकरीत गेला होतात ना?" तिच्या फोनवरही दिसतं! दहा मिनिटांत नवऱ्याचा ऑफिसातून फोन, "बाबा, केक होता की पेस्ट्री?" बाबा जिकडे जातील तिकडे टेकाड त्यांच्या आधी पोचतं! चोरखिसा सासूबाईंनी उसवून टाकला. त्यातल्या पुड्या आता त्यांच्याच पर्समध्ये असतात, गरज पडली तर, आणि गरज आहे की नाही हे त्या ग्राफ बघून ठरवतात. तीन महिन्यांची तपासणी झाली, डॉक्टरीणबाई खूश, म्हणाल्या इतका चांगला रिपोर्ट बाबांचा कधीच आला नव्हता. मी म्हटलं, झालं, जिंकलो आपण!

आणि परवा ऑफिसात साहेब माझ्या टेबलाशी आले, चेहरा पडलेला. आम्हाला हजारो लोकांनी पाचपैकी पाच तारे दिले होते, आणि त्यात एकानं दिला होता एकच तारा. सगळ्यात वर तोच दिसत होता. खाली लिहिलं होतं, "जुना ग्राफ बरा होता. यात घरच्यांना सगळं दिसतं." आणि फोटो लावला होता… डाव्या सीटवर बसलेला, सीटबेल्ट लावलेला!

आमच्याकडे नियम आहे, एक तारा देणाऱ्याला नम्रपणे उत्तर द्यायचं आणि ते ज्यानं स्क्रीन केली त्यानंच द्यायचं. काय लिहिणार हो मी? लिहिलं आपलं, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. आपली तक्रार वरपर्यंत पोचवली आहे." खोटं नाही हं. पोचवलीय. सासूबाईंना वाचून दाखवली.